वांग्यातलं तूप

येलहंका,
१७ जानेवारी १९९६

चि. अंजली,

डबा पोचला. म्हणजे परत पोचला. रघुपतींनी संध्याकाळी बँकेतून येताना तो फाटकातूनच माझ्या हातात दिला आणि बिचारे नजर चुकवून निघून गेले. शेजारधर्म म्हणून माणूस तुझ्या के. आर. पुरमपर्यंत डबा वाहून नेतो, आणि तू भरलेला डबा त्याच्याच हाती परत पाठवतेस! वर ती चिठ्ठी. 'यात तूप आहे. कृपा करून पुन्हा पाठवू नका.' कृपा करून? तीन वर्षं एका घरात राहिलो आपण, एकमेकींकडे पाणीसुद्धा कधी कृपा करून मागितलं नाही.

मी तूप घालीन? मी? अगं, तुझ्या खाण्यापायी इथे मी सगळ्यांशी भांडून बसले आहे. शेजारच्या सत्यवती अक्कांना पहिल्यांदा सांगितलं की आमची अंजली दूध घेत नाही, दही-ताक नाही, तूप-लोणी नाही, मधसुद्धा नाही, तेव्हा त्यांनी गालावर हात ठेवला. गुरांची डॉक्टर आणि दूध पीत नाही? मी म्हटलं, गुरांची डॉक्टर आहे म्हणूनच पीत नाही. गोठ्यातली नर वासरं कुठे जातात ते तिने पाहिलं आहे. त्या दिवसापासून त्यांनी मला त्याबद्दल विचारलं नाही. मलाही तेव्हा ते पुरतं पटलं नव्हतं, पण माझ्या सुनेची बाजू मी दुसऱ्यासमोर पडू देणार होय?

आता ऐक, वांगी कशी केली ते. बाजारात तो म्हातारा 'बदनेकाई, बदनेकाई' करत लांबडी हिरवी वांगी गळ्यात मारत होता. मला काटेरी देठाची, जांभळी, लिंबापेक्षा जरा मोठी हवी होती. त्याला सगळी टोपली उपसायला लावली. 'स्वल्प लवकर आटपा अम्मा' म्हणाला, मी नाही आटपलं. घरी येऊन देठ ठेवून चिरा दिल्या, मिठाच्या पाण्यात टाकली. दाणे मंद भाजले, तीळ भाजले, सुकं खोबरं खरपूस केलं. चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, तिखट, मीठ, मूठभर कोथिंबीर. कांदा-लसूण नाही, कारण देवाला दाखवायची होती. फोडणी शेंगतेलाची. वर ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजवली. कढई आधी चिंचेने घासून घेतली, तुपाचा हात लागलेला डाव बाजूला ठेवला. यात तूप कुठून आलं, सांग मला. आभाळातून पडलं?

रागाच्या भरात डबा उघडूनही पाहिला नाही. तसाच सत्यवती अक्कांकडे दिला. त्यांनी बोटं चाटून खाल्ली म्हणे.

अंजली, मी ईशान नाही. त्याने दिवाळीत चार मित्रांसमोर खव्याची बर्फी खोबऱ्याची म्हणून तुला खायला घातली, आणि तू ती गिळल्यावर टाळ्या पिटून हसला. तू ताटली खाली ठेवलीस आणि आत निघून गेलीस. कोर्टाचा कागद पुढच्या वर्षी आला, पण माझ्या लेखी तुमचा संसार तेव्हाच मोडला होता. माझा मुलगा असला तरी मी हे म्हणते. मला त्याच्या पंगतीला बसवू नकोस.

उत्तर दे. भांडायचं असेल तर भांडणाचं दे.

आई


येलहंका,
२४ जानेवारी १९९६

चि. अंजली,

उत्तर आलं नाही. टपालवाल्याला रोज फाटकात गाठते, तो बिचारा लांबूनच मान हलवतो. दवाखान्यात फोन करून पाहिला. तुझा तो कंपाउंडर 'डॉक्टर बिझी' म्हणतो आणि मी नाव सांगायच्या आत खाली ठेवतो. एकाच गावात राहून पत्रं लिहायची वेळ आली आहे. सत्यवती अक्का हसतात. म्हणतात, दोन बस बदलल्या की पोचता, मग पोस्टाची तिकिटं कशाला चिकटवता? त्यांना काय सांगू? न बोलावता तुझ्या दारात उभी राहिले आणि तू दार उघडून 'काय काम होतं?' असं विचारलंस तर? तेवढं मला झेपायचं नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गुडघा थोडा कुरकुरतो. न्हाणीत जरा पाय सरकला होता, पण विशेष काही नाही, अक्कांनी येऊन उठवलं. थंडी मात्र यंदा आहे. खोबरेल गोठतं, सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते. अवरेकाईचे, आपल्या पावट्याचे, दिवस आहेत, साऱ्या गल्लीत शेंगा सोलल्याचा वास. मीही आणल्या होत्या. सोलता सोलता लक्षात आलं की आपण दोघींच्या बेताने आणल्या. उरलेल्या तशाच सुकल्या.

ईशानचा रविवारी फोन आला होता. त्याचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी त्याच्याच कंपनीत आहे, प्रतिमा नाव. मेमध्ये तिकडेच कॅलिफोर्नियात करणार. मला तिकीट पाठवतो म्हणतो. हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर बरं दिसणार नाही. मग म्हणाला, 'आई, तू अजून अंजलीला डबे पाठवतेस म्हणे. आता बंद कर. प्रतिमाला विचित्र वाटेल.' मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच मोठमोठ्याने बडबडले. विचित्र वाटेल म्हणे! मुलगा महिन्यातून एकदा फोन करतो, हे कुणाला विचित्र वाटत नाही.

त्याचे बाबा गेले तेव्हा तो तिकडे होता आणि तू इथे होतीस. सगळ्या आल्यागेल्यांचा चहा तू केलास. स्वतः एक घोट न घेता केलास. हे मी त्याला कधी बोलून दाखवलं नाही. बोलायला हवं होतं का, कळत नाही.

तुपाचं मी अजून शोधते आहे. मसाल्याच्या डब्याचा वास घेऊन पाहिला. हिंग पाहिला. कशालाच नाही. तुला भास झाला असेल असंही वाटलं. पण तुझं नाक कसं आहे ते मला माहीत आहे. शेजारी कुणी लोणी कढवलं तरी तुला आपल्या न्हाणीत कळायचं.

आई


येलहंका,
२९ जानेवारी १९९६

अंजली,

सापडलं गं बाई, सापडलं! आणि सापडल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

काल परत वांगी केली. माझ्यासाठीच, म्हटलं तेच सगळं तसंच करून बघू. पाऊल न् पाऊल डोळ्यांत तेल घालून पाहत होते. शेवटपर्यंत कुठेही तूप नाही. मनात म्हटलं, अंजलीबाई, हरलात. मग देवाचं ताट वाढलं. भात, वरण, वांगं, कोशिंबीर. सगळ्यावर तुपाचा थेंब सोडला, तुळशीचं पान ठेवलं. आमच्या सासूबाईंची शिस्त होती, देवापुढे कोरडं काही जायचं नाही, भाजीवरसुद्धा तूप. माझं लग्न झाल्यापासून मी ते करते आहे. पाणी फिरवलं, घंटा वाजवली, डोळे मिटले.

आणि मग काय केलं असेल मी? ताट उचललं. देवाचा भात भाताच्या पातेल्यात, वरण वरणात आणि देवाचं वांगं परत कढईत! सगळ्या स्वयंपाकाचा प्रसाद व्हावा म्हणून. हलक्या हाताने एकदा ढवळलंसुद्धा. ढवळताना काही म्हणजे काही वाटलं नाही. हात आपला आपणच जात होता.

जेवण झाल्यावर उरलेली वांगी झाकून ठेवली. दुपारी झाकण काढलं तर रशावर, देठापाशी, पांढरे कण. रवाळ, थिजलेले. साजूक तूप थंडीत थिजतं तसं. मी कढई दारापाशी उजेडात नेऊन पुन्हा पाहिली. तू डबा उघडलास तेव्हा तुला हेच दिसलं असणार. सकाळच्या गारठ्यात, येलहंक्यापासून के. आर. पुरमपर्यंत गेलेला डबा. तुला वाटलं असेल, म्हातारीसुद्धा मुलासारखीच निघाली. गुपचूप घालते आणि मजा बघते.

मी चोरून नाही घातलं गं. मी उजळ माथ्याने, देवादेखत घातलं आणि मला पत्ता नाही! स्वतःचा इतका संताप आला की तो तुपाचा डबा उचलून अक्कांकडे नेऊन ठेवला. त्या म्हणाल्या, 'काय झालं?' मी म्हटलं, 'अक्का, देवाने माझी सून घालवली.' मग त्यांच्या ओट्यावर बसून पुष्कळ रडले. देवाने कसली घालवली, खरं म्हणजे. पण त्या वेळी कुणाला तरी बोल लावायला हवा होता.

तर आता असं आहे. येत्या रविवारी, चार तारखेला, जेवायला ये. वांगी करते, भाकरी करते, तुला आवडते ती तिळाची चटणी करते. आणि देवाचं मी ठरवलं आहे. त्याला सांगणार आहे की बाबा, आज तुझ्याही ताटात तूप नाही, आज घरात अंजली जेवते आहे. सासूबाई वरून बघत असतील तर बघोत. जन्मभर त्यांचं ऐकलं.

यायचं नसेल तर तसं कळव. पण ये.

आई


येलहंका,
४ फेब्रुवारी १९९६, रविवार

अंजली,

आली नाहीस.

स्वयंपाक लवकर उरकला होता. देवाला बिनतुपाचं ताट दाखवलं. हात दोनदा तुपाकडे गेला, म्हणजे डबा जिथे असायचा त्या कोनाड्याकडे. मग अंगणात खुर्ची टाकून बसले. हवाई दलाच्या तळावरची विमानं डोक्यावरून कवायत करत होती, काही ऐकू येत नव्हतं, म्हणून फाटकाकडे बघत राहिले. रिक्षा थांबली की उठायची. एकदा अक्कांचे पाहुणे आले, एकदा कुणी पत्ता विचारायला.

भाकऱ्या कडक झाल्या. तीनला पान घेतलं. समोर तुझा पाट मांडलेला होता, तो आधी उचलून भिंतीशी ठेवला, मग जेवायला बसले.

'येत नाही' एवढंच लिहायला एक कार्ड पुरलं असतं. तुला राग आहे, असू दे. पण मी काय केलं ते लिहून कळवलं, त्यावर 'वाचलं' एवढंसुद्धा नाही? मी ईशानची आई आहे हा माझा गुन्हा आहे का? तसं असेल तर त्याला माझ्याकडे औषध नाही.

आता मी लिहिणार नाही.

प्रेमा


येलहंका,
८ फेब्रुवारी १९९६

चि. अंजली,

लिहिणार नाही म्हटलं होतं. ते माझं म्हणणं किती टिकतं ते तुला माहीत आहे.

काल तुझ्याकडे आले ते कशासाठी, हे सांगायचं राहूनच गेलं. मी भांडायला आले होते. सकाळी उठले, वांगी केली, देवाला तशीच बिनतुपाची दाखवली, डबा बांधला आणि निघाले. शिवाजीनगरला बस बदलली. बसमध्ये सगळं भांडण पाठ केलं. तुझ्या घराला कुलूप. तुझ्या घरमालकीण भाग्यलक्ष्मी ओसरीवर डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, डॉक्टरम्मा दहा-बारा दिवस घरी आल्याच नाहीत, होसकोटेकडे गुरांना लाळ्या रोगाच्या सुया टोचत खेड्याखेड्यांत फिरत होत्या. आजच परत आल्या आणि थेट दवाखान्यात गेल्या. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. गजांमध्ये माझी दोन्ही पाकिटं अडकवलेली. एकोणतीस तारखेचं आणि चार तारखेचं. धूळ बसलेली, बंद.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी अंगणात बसून तुला काय काय बोलले होते मनात! आणि तुला निमंत्रणच मिळालेलं नव्हतं. पाकिटं घेतली, पिशवीत टाकली. ठरवलं, आधी हिच्या हातात एकोणतीसचं पत्र द्यायचं, समोर उभं राहून वाचायला लावायचं, तूप कसं गेलं ते हिला कळू दे, मगच डबा काढायचा. नाहीतर ही परत म्हणायची, कृपा करून.

दवाखान्यात आले तर तू कुठे दिसेनास. लाकडी खोड्यात एक काळी गाय, आणि तिच्या शेपटीमागे कुणीतरी खांद्यापर्यंत आत हात घालून उभं. ती तू. गायीचा मालक देवाचं नाव घेत होता, तू त्याच्यावर कन्नडमध्ये खेकसत होतीस. इतकं चांगलं कन्नड कधी शिकलीस गं? मी भिंतीला टेकून उभी राहिले. वासरू बाहेर आलं तेव्हा ते मेलेलं आहे असं मला वाटलं. तू त्याच्या नाकात गवताची काडी घातलीस, उलटं धरलंस, चोळलंस, शिव्या दिल्यास. मग ते शिंकलं. तू मटकन त्याच्या शेजारीच बसलीस आणि तेव्हा मान वर केलीस.

'आई? तुम्ही?'

काय अवतार होता तुझा! केसांत पेंढा, दोन्ही हात खांद्यापर्यंत बरबटलेले, गालाची हाडं वर आलेली. पाठ केलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं. मी विचारलं, जेवलीस का? तू म्हणालीस, 'काल रात्रीपासून काही नाही, नळाला पाणी नाही, कंपाउंडर बोअरवेलवर गेलाय. हात धुतल्याशिवाय काय खाणार?' मी म्हटलं, तुझे हात कोण मागतंय? माझे आहेत ना. बाकावर बसले, डबा उघडला. भाकरीच्या तुकड्यात वांगं धरलं, देठ काढून टाकलं आणि घास तुझ्या तोंडापुढे नेला. तू हात लांब धरून, पुढे वाकून खाल्लास. मग दुसरा. मग तिसऱ्याच्या वेळी 'मिरची जास्त झालीये' म्हणालीस आणि मी म्हटलं, गप खा. गायीचा मालक हसायला लागला. एवढी मोठी डॉक्टर आणि म्हातारी तिला बाळासारखं भरवते आहे. हसेना का. सगळा डबा संपला, मला चाखायलाही उरलं नाही.

मग पाणी आलं. तू हात धुतलेस, तोंड पुसलंस आणि मग सांगितलंस. धारवाडला नोकरी लागली आहे. एक तारखेला जाणार. राहायला जागा देणार आहेत, काम चांगलं आहे, पगारही. मी म्हटलं, 'बरं झालं.' बरं कसलं! तू के. आर. पुरमला होतीस तोवर मी येत नसले तरी येऊ शकत होते. आता या गावात माझं कोण आहे, अंजली? ईशान तिकीट पाठवेल, मी जाणार नाही. मी इथेच राहणार आणि एकटी राहणार. तुला तिथे 'बरं झालं' म्हणाले, कारण तुझ्या चेहऱ्यावर किती दिवसांनी आनंद दिसला होता. पण पत्रात खोटं लिहायचं नाही. मला फार वाईट वाटलं.

तू कोपऱ्यापर्यंत सोडायला आलीस, मला बसमध्ये चढवलंस. गुडघ्याला काय झालं म्हणून रागावलीस. बस निघाली. तिकिटासाठी पिशवीत हात घातला तर पत्रं हाताला लागली. दोन्ही तशीच, बंद. तुला द्यायची राहूनच गेली होती.

आणि तेव्हा ध्यानात आलं. तुला अजून काहीच ठाऊक नव्हतं. तूप कसं गेलं, कुणी घातलं, मुद्दाम की चुकून, यातलं एक अक्षर तुला माहीत नव्हतं. तुझ्या हिशेबी मी तुला एकदा फसवलेलंच होतं. आणि मी तीच वांगी घेऊन तुझ्यासमोर बसले, तर तू विचारलं नाहीस. वास घेतला नाहीस. 'यात काय आहे' म्हणाली नाहीस. नुसतं तोंड उघडलंस.

भर बसमध्ये माझा बांध फुटला. तोंडाला पदर लावला तरी हुंदके थांबेनात. शेजारची बाई घाबरली, पाठीवरून हात फिरवायला लागली, कन्नडमध्ये विचारायला लागली, काय झालं, कुणी गेलं का घरातलं. माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये मी तिला म्हटलं, माझी सून जेवली.

ती म्हणाली, मग रडता कशाला?

आई